वाट देणारी पासिता

तळ्याकाठच्या त्या वाडीत आलिंग पासिताला, म्हणजे पासितामावशीला, लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, मारियामातेची मूर्ती तिच्या घरी असे. दुसरी, तिच्या अंगणातून गेल्याशिवाय मागच्या घरातल्या माणसांना जगात कुठेच जाता येत नसे. पहिल्या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे, असं ती सांगे. दुसरीचा आहे, हे सांगावं लागत नसे.

अंगण काही फार मोठं नव्हतं. एक सांतोलचं झाड, त्याखाली बांबूचं बाकडं, कडेला नवऱ्याच्या झुंजीच्या कोंबड्यांच्या तिकोनी खोपी, आणि मधून, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेली मातीची एक पट्टी. ही पट्टी पुढे गल्लीला मिळे, गल्ली ओढ्यावरच्या लाकडी पुलाला, पूल मोठ्या रस्त्याला, आणि मोठा रस्ता बाजार, शाळा, चॅपेल, दवाखाना, मनिला वगैरे गोष्टींना. मागच्या लुमिनच्या घरातल्या माणसाला यांतलं काहीही हवं असेल तर आधी पासिता लागे.

आणि पासिता लागली म्हणजे विचारणं आलं. तिथे कुणाला काही मागायचं तर नुसतं 'दे' म्हणून भागत नाही. पाणी हवं असेल तर तुमच्या पाणी पिण्यात मलाही जरा सामील करून घ्या, अशा थाटात मागायचं. विडी पेटवायची असेल तर तुमच्या विस्तवात वाटेकरी होतो म्हणायचं. जीपनीत मागे बसलेल्यानं भाड्याची नाणी पुढच्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायचं, जरा पोचती कराल, पो. मग गाडीतल्या सगळ्यांनी ती हातोहात ड्रायव्हरकडे सरकवायची, जणू त्यांना गाडीत घेतलंय ते याचसाठी. 'जरासं', 'लहानसं', 'एवढंच' हे शब्द मधेमधे पेरायचे आणि शेवटी 'पो' लावायचं. पो म्हणजे आदराचं शेपूट. ते नसलं तर वाक्य नागडं फिरतं. परक्या अंगणातून जायचं असेल तर कमरेत थोडं वाकायचं, एक हात हवा कापल्यासारखा पुढे धरायचा आणि म्हणायचं, "जरा वाट मागते, पो." त्यावर अंगणातला माणूस हातातलं काम न थांबवता "या, पो" म्हणतो. इतरांच्या अंगणात हा व्यवहार एका श्वासात उरकतो. पोरं तर पळता पळता ओरडतात आणि उत्तर येईपर्यंत कुंपणापलीकडे गेलेली असतात.

पासितानं मात्र या एका श्वासाचा दरबार करून ठेवला होता.

सकाळी भात शिजत टाकला की ती बाकड्यावर येऊन बसे. मागून लुमिन येई, डोक्यावर बिबिंकांची टोपली. खोबऱ्याच्या दुधातल्या त्या तांदळाच्या भाकऱ्या केळीच्या पानावर नुकत्याच भाजलेल्या, त्यामुळे टोपली गरम आणि लुमिनची मान आखडलेली. लुमिन अंगणाच्या कडेशी थांबून वाट मागे. पासिताला पहिल्यांदा ऐकू येत नसे. दुसऱ्यांदा ऐकू आलं की ती मान वर करी, आणि ही बाई आपण कुठे बरं पाहिली आहे, असा चेहरा करी. मग कुठे निघालीस, ही चौकशी. लुमिन रोज बाजारातच जात असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर रोज तेच असे. मग टोपलीत काय आहे. मग आज उशीर झाला वाटतं; हा उशीर अर्थात याच अंगणात झालेला असे. हे सगळं होऊन हातातल्या शेंगेतला शेवटचा दाणा सोलून झाला की पासिता म्हणे, "जा." त्याला पो नसे. मागच्या लोकांवर खर्च करायला पासिताकडे पो काही उतू चालले नव्हते.

लुमिनला याचा राग येत नसे. काही माणसांना राग येण्याची सोयच नसते, तशी ती होती. तिच्या वाटणीचा राग तिची सासू लोला सेपा, म्हणजे सेपाआजी, करी. लोला सेपानं पासिताच्या अंगणात पाऊल टाकणं कधीच बंद केलं होतं. गुडघे गेलेत, असं ती सांगे. गुडघे तिचे होते, पण दुखणं पासिताचं होतं. त्यापायी ती वर्षानुवर्षं बाजाराला गेली नाही, पुतणीच्या लग्नाला गेली नाही आणि रविवारचं मिसा, चॅपेलमधली उपासना, घरी रेडिओवर ऐकत राहिली.

"देवाला घरी बोलावते मी," ती म्हणे. "त्याला कुणाचं अंगण आडवं येत नाही."

पासिताचं एक वाक्य साऱ्या वाडीला पाठ होतं. आपण जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, हे ते वाक्य. लग्नात, मयतात, नळावर, कुठेही ती ते काढी आणि ते अक्षरशः खरं होतं. ती मागत नसे. ती नोंद घेई. आज वास छान सुटलाय, अशी नोंद तिनं घेतली की लुमिन टोपलीतली एक बिबिंका बाकड्यावर ठेवून जाई. तळ्यात तिलापिया चांगला लागतोय म्हणतात, अशी नोंद घेतली की लुमिनचा नवरा देल्फिन संध्याकाळी दोन मासे कुंपणाला लटकवून जाई. दिलेल्या वस्तूकडे पासिता थोडा वेळ आश्चर्यानं पाही. मग ती आत नेई, कारण बाहेर ठेवली तर मांजर खाईल.

तिचा नवरा हुस्तिनो अगदी उलट. तो दिवसभर कोंबडा काखेत घेऊन हिंडे आणि जिथे जाई तिथे काही ना काही मागे. इथे चिमूटभर मीठ, तिथे कॉफीचा घोट, कुणाची पहार, कुणाची सावली. त्याला त्याचं काही वाटत नसे, त्यामुळे त्याला मित्र होते. पासिताला ते नव्हते. तिच्याकडे मारियामाता होती.

ही मूर्ती पासिताच्या आजीच्या आजीपासून त्या घरात. चेहरा आणि हात हस्तिदंती, बाकी सगळं लाकूड आणि लुगडी. काचेच्या कपाटात ती वर्षभर उभी असे. मे महिन्यात, वाडीच्या सणाला, तिला पालखीत उभी करून चॅपेलकडे मिरवत नेत. मूर्तीच्या पाठीवरून खाली लोळणारा निळा झगझगीत शेला धरून जी बाई लगोलग मागून चाले, ती मातेची मानकरी. वाडीतल्या बायका आयुष्यभर एकमेकींच्या स्वयंपाकाला, सुनांना आणि साड्या म्हणाव्यात तर तिथल्या त्या झग्यांना नावं ठेवीत, पण शेल्याच्या टोकाला हात लावायची एकीचीही छाती नव्हती. ते टोक पासिताचं होतं. त्या दिवशी ती अशी चाले, की मूर्तीनं तिला नेलंय की तिनं मूर्तीला, हे पाहणाऱ्यानं ठरवावं.

मग रस्ता झाला.

सरकारनं तो कुणालाही न विचारता केला. पासिताला तर नाहीच. कालव्याच्या कडेनं, लुमिनच्या घराच्या मागच्या अंगाला, पांढऱ्या सिमेंटचा सरळ रस्ता आला आणि थेट मोठ्या रस्त्याला जाऊन मिळाला. मागचं घर एका हंगामात पुढचं झालं. लुमिन आता केळीच्या चार खुंटांमधून निघून दोन ढांगांत जीपनीत बसे. लोला सेपाचे गुडघे त्या महिन्यात बरे झाले. ती बाजारात जाऊन आली, आणि मासे महाग झालेत, ही बातमी वाडीला सांगितली. वाडीला ती बरीच वर्षं माहीत होती.

पासिता रोजच्यासारखी बाकड्यावर बसे. कुणी येत नसे. पहिले काही दिवस तिनं मागच्या लोकांच्या उद्धटपणाबद्दल हुस्तिनोला ऐकवलं. विचारत नाहीत म्हणजे काय, अशी तिची तक्रार होती. त्यांना इथून जायचंच नाही, मग विचारतील कशाला, असं हुस्तिनो म्हणाला. त्यावर पासिता म्हणाली, ते ठीक आहे, पण एका शब्दानं विचारायला काय जातं?

त्याच वर्षाच्या शेवटी वादळ आलं आणि ओढ्यावरचा लाकडी पूल घेऊन गेलं. पासिता वाडीच्या कपितानाला, म्हणजे तिथल्या सरपंचाला, भेटली. भेटली म्हणजे ती त्याच्या दारावरून जाताना थांबली आणि पुलाच्या जागी आता नुसतं पाणी दिसतं, अशी नोंद तिनं घेतली. कपितान शहाणा माणूस. हो ना, दिसतं खरं, असं तो म्हणाला. पुढे म्हणाला की बघू, विचारून बघतो वरती. बघू म्हणजे नाही, हे तिथे लेकरालाही कळतं. मागे इतका छान रस्ता असताना पुढचा पूल कोण बांधणार होतं?

तेव्हापासून पासिताचं घर जगाच्या टोकाला आलं. गल्ली ओढ्यापर्यंत जाऊन बुडे. बाहेर पडायला दोनच वाटा राहिल्या. एक, भातखाचरांच्या बांधावरून मोठा वळसा घालून. बांध एका माणसाच्या रुंदीचा, निसरडा, आणि त्याच्यावर सदा कुणाची तरी म्हैस. दुसरी, लुमिनच्या अंगणातून. दुसरीवर म्हैस नव्हती. पण लोला सेपा होती, बाहेरच्या बाकड्यावर. ती आता दिवसभर तिथेच बसू लागली होती. गुडघ्यांना ऊन लागतं, असं तिचं म्हणणं.

पासिता बांधावरून जाऊ लागली. चालणं प्रकृतीला बरं, असं तिनं नळावर जाहीर केलं. त्यावर बायकांनी माना डोलावल्या आणि तिच्या चपलांकडे पाहिलं नाही. चपला चिखलाच्या इतक्या झाल्या होत्या की न पाहणं हा चांगल्या संस्काराचा भाग होता. हुस्तिनो मात्र रोज लुमिनच्या अंगणातून जाई. कोंबड्यासकट किंचित वाकून तो वाट मागे, लोला सेपा लगेच या म्हणे, आणि बरेचदा तो पलीकडे पोचतच नसे. तिथेच बसून कॉफी पिई.

"तुला लाज नाही," पासिता त्याला म्हणे.

"नाही," हुस्तिनो म्हणे. "पण वेळेवर पोचतो."

एप्रिलच्या अखेरीस सणाची बैठक भरली. नवे फादर तरुण होते आणि त्यांना सोयीची आवड होती. त्यांनी विचारलं की पूल नाही, तर मूर्ती यंदा कशी यायची. यंदा ती नव्या रस्त्यावरच्या एखाद्या घरी ठेवली तर मिरवणूक तिथूनच निघेल, म्हाताऱ्यांनाही दर्शनाला जाता येईल. कुणाच्या घरी, हे ते बोलले नाहीत. बायका जमिनीकडे पाहू लागल्या, कारण लुमिन तिथेच, दाराशी, प्रसादाच्या बिबिंका मोजून ठेवत होती.

पासिता उठून उभी राहिली. मारियामाता फादरांच्या जन्माआधीपासून आपल्या घरून निघते, असं ती म्हणाली. यंदाही आपल्याच घरून निघेल आणि आपण शेला धरून मागून चालू. फादर म्हणाले, जरूर, फक्त ती चॅपेलपर्यंत पोचली पाहिजे. नाही पोचली, तर पुढच्या वर्षीपासून मुक्काम बदलू.

हे पासिताला नीट समजलं, आणि वाडीलाही. एकदा का माता त्या घरातून हलली, की पासिताकडे उरणार होतं सांतोलचं झाड, एक बाकडं आणि कोंबड्यांच्या खोपी.

सणाला थोडेच दिवस राहिले असताना लुमिन आली. मागच्या बाजूनं, कुंपणाशी थांबून तिनं येण्याची परवानगी मागितली. पासिताला पहिल्यांदा ऐकू आलं नाही. सवय अशी एकदम सुटत नाही. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा तिनं मान वर केली.

लुमिननं केळीच्या पानात बांधलेली बिबिंका बाकड्यावर ठेवली. उभ्यानंच बोलली.

"आलिंग पासिता, एक लहानशी विनंती होती, पो. रागावू नका. यंदा मातेची पालखी आमच्या अंगणातून गेली, तर आमच्या घरावरून तिची नजर फिरेल. देल्फिननं केळी तोडून वाट रुंद केलीय. तुम्हाला चालणार असेल तरच, पो."

इतकं नेमकं मागणं त्या वाडीत क्वचितच कुणी केलं असेल. ज्या बाईला वाट हवी होती, तिलाच वाट घेण्याची विनंती. द्यायचं ते मागण्याच्या रूपानं द्यायचं, की घेणाऱ्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडू नये. पासिताच्या छातीवरचा धोंडा हलला. हो म्हणायला तिची जीभ टाळूपर्यंत आली सुद्धा.

पण चांगल्या घरची बाई पहिल्या खेपेला हो म्हणत नाही. तिथे जेवायला बोलावलं तरी आधी आत्ताच जेवून आले म्हणायचं असतं, मग पोट भरलंय म्हणायचं असतं, आणि यजमानानं दंडाला धरून ओढल्यावर, एवढं म्हणताय तर, असं म्हणत पानावर बसायचं असतं. भुकेनं डोळे पांढरे झाले तरी हा क्रम चुकत नाही. पहिला नकार हा नकार नसतोच. ती आग्रहाला दिलेली जागा असते.

"छे छे," पासिता म्हणाली. "कशाला उगाच तुम्हाला त्रास. तुमचं अंगण ते केवढं. आम्ही आपले बांधावरून नेऊ."

आणि ती मागे टेकून बसली, आग्रहाची वाट पाहत. दुसरा नकार तिनं मनात तयारही केला होता, पहिल्यापेक्षा पुष्कळ लेचापेचा. तिसऱ्या खेपेला म्हणायचं वाक्यही ठरलं होतं: आता तू इतकं म्हणतेस तर मातेची इच्छा असेल.

लुमिननं तोंड उघडलं. आग्रह तिच्या ओठांवर होता, हे दिसत होतं. आयुष्यात तिनं कुणाला एकदाच विचारून सोडलं नव्हतं. मग तिनं पासिताकडे पाहिलं, पायांखालच्या त्या गुळगुळीत मातीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"बरं, पो," ती म्हणाली आणि गेली.

लुमिननं जन्मात केलेला हा एकच उद्धटपणा. तोही तिनं आज्ञाधारकपणाचा झगा घालून केला, त्यामुळे त्याला कुठे धरायचं हेच कळेना.

पासिता संध्याकाळपर्यंत बाकड्यावरून उठली नाही. हुस्तिनो आला तेव्हा तिनं सांगितलं की लुमिन आली होती, विचारलं, आणि पुन्हा विचारलंच नाही.

"तू काय म्हणालीस?"

"नको म्हणाले."

"मग झालं की. ऐकलं तिनं."

"नको म्हणायचंच असतं, हुस्तिनो. पहिल्यांदा नको म्हणतात. तुझ्या आईनं तुला काही शिकवलं नाही का?"

हुस्तिनोनं बिबिंकेचा तुकडा मोडून कोंबड्याला घातला. आईनं आपल्याला भूक लागली की खायला शिकवलं होतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला की मी रोज तिथून जातोच आहे, उद्या जाता जाता एक शब्द टाकतो, दोन मिनिटांचं काम.

"खबरदार," पासिता म्हणाली. "माझ्या नावानं कुणाच्या दारात तोंड उघडलंस तर. मी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही."

लुमिन परत येईल, अशी तिची खात्री होती. रोज सकाळी ती बाकडं मागच्या कुंपणाकडे थोडं सरकवून बसे. सणाच्या आदल्या दिवसापर्यंत बाकडं जवळजवळ कुंपणाला जाऊन लागलं. लुमिन आली नाही. कुंपणापलीकडे देल्फिन वाटेवर रेती पसरत होता, ती नुसती ऐकू येत होती.

सणाच्या दुपारी पालखी सजली. पांढरी फुलं, मेणबत्त्या, मातेला ठेवणीतला निळा शेला. पासिताचा झगा इतक्या इस्त्रीचा, की बसली तर मोडेल म्हणून ती उभीच होती. चार खांदेकरी पालखी उचलून बांधापर्यंत गेले आणि तिथे थांबले. पाटाचं पाणी सोडलेलं होतं. बांध म्हणजे लोण्याची काठी झाली होती. खांदेकऱ्यांतला थोरला आम्बो, त्यानं एक पाय टाकून पाहिला, आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेला तो परत काढला.

"आलिंग, ही एका माणसाची वाट आहे," तो म्हणाला. "आम्ही चौघं आहोत. मातेला धरून पाच."

खांदेकरी तिच्या उत्तरासाठी थोडे थांबले, मग आपसूक वळले आणि पालखी घेऊन लुमिनच्या कुंपणाशी आले. तिथे पुन्हा थांबले. अंगण परक्याचं; विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, आणि विचारणं मानकरणीचं.

समोर सगळी तयारी होती. केळीचे खुंट तोडलेले, वाटेवर रेती, रेतीवर फुलं, पलीकडे रस्त्यावर मिरवणुकीचे लोक, बँडवाले आणि मधे घाम पुसत असलेले फादर. अंगणाच्या कडेला लुमिन पांढऱ्या झग्यात, हातात मेणबत्ती. आणि बाकड्यावर लोला सेपा मासे साफ करत बसलेली. सणाच्या दुपारी, मिरवणुकीच्या तोंडावर मासे साफ करायला घेण्याचं काही कारण नव्हतं. तिनं घेतले होते.

एकच वाक्य लागत होतं. लहान मूलही ते बोलतं.

"आज ऊन फार आहे," पासिता म्हणाली.

"आहे खरं, पो," लोला सेपा म्हणाली. पो तिनं चांगलं ठसठशीत लावलं.

"मातेच्या चेहऱ्याला ऊन सोसत नाही. फार जुना आहे."

"नाजूक असतो तो हस्तिदंत, पो." लोला सेपानं माशाचं एक खवलं काढून बाजूला ठेवलं.

"फादरही तिष्ठत आहेत."

"तरुण आहेत. राहतील उभे."

खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. बँडमधल्या ढोलवाल्यानं उगाच एक ठोका दिला आणि ओशाळून थांबला. पासितानं आयुष्यभर वापरलेल्या सगळ्या नोंदी घेऊन संपल्या होत्या, आणि समोरच्या म्हातारीला त्यातली एकही कळत नव्हती, किंवा सगळ्या कळत होत्या.

शेवटी पासितानं मान ताठ केली.

"मातेला जायचं आहे," ती म्हणाली.

लोला सेपानं मासा खाली ठेवला, हात पुसले आणि छातीवर क्रूस काढला. "मातेनं जावं. मातेला कोण अडवतंय? तिनं कधी विचारायचं असतं का?"

खांदेकऱ्यांना यापेक्षा जास्त अर्थ लावायची गरज नव्हती. लाकूड जड होतं. ते निघाले. पालखी अंगणात शिरली. निळ्या शेल्याचं टोक पासिताच्या हातात होतं, तीही एक पाऊल पुढे आली.

"आणि तुम्ही, पो?" लोला सेपानं विचारलं.

अगदी आदरानं विचारलं. रस्त्यावर बोलणं थांबलं. पासिताचं पाऊल तिथेच राहिलं. आता वाकायचं, हात पुढे धरायचा आणि ते वाक्य म्हणायचं, इतकंच. तिनं ते रोज ऐकलं होतं, सगळ्या आवाजांत, सगळ्या ओझ्यांखालून. तिच्याइतकं ते कुणाला पाठ असणार. तिचे ओठ हललेही. पण इस्त्री केलेला झगा कमरेत वाकेना, की कंबर वाकेना, कोण जाणे.

"मी येते मागून," ती म्हणाली आणि शेला सोडला.

शेला रेतीवर पडला आणि पालखीमागे फरफटू लागला. लोक हळहळले. लुमिन धावत आली, पण टोकाला हात लावायच्या आधी ती थांबली, पासिताकडे वळून कमरेत वाकली आणि म्हणाली, "जरा धरू का, पो? तुमच्या वतीनं. माती लागेल."

ती खरंच विचारत होती. लुमिनला दुसरं काही येतच नव्हतं. आणि कुणी विचारलं की पासिताचं सगळं अंग जागच्या जागी येई. तिची मान वर गेली, पापण्या खाली आल्या. तिनं थोडा वेळ जाऊ दिला.

"धर," ती म्हणाली.

लुमिननं शेला धरला. बँड सुरू झाला, माता रस्त्याला लागली, मागून लुमिन, तिच्या मागून वाडी, आणि वाडीच्या शेपटाला हुस्तिनो, कोंबड्यासकट. पासिता बांधावरून निघाली. ती चॅपेलपाशी पोचली तेव्हा मिसा संपून लोक पान्सितच्या शेवया खात होते. तिचा झगा कमरेपर्यंत शेतकऱ्याचा झाला होता. कुणी त्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी तिला जेवायला बोलावलं. आत्ताच जेवून आले, असं ती म्हणाली, आणि दिवस असा होता की कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

संध्याकाळी पालखी परत निघाली. खांदेकरी दिवसभराचे थकलेले. लुमिनच्या ओसरीपाशी आल्यावर आम्बोनं विचारलं, जराशी टेकवू का, पो, इथे, एवढा घाम पुसतो. लोला सेपा म्हणाली, टेकवा की. त्यांनी टेकवली. मागून फादर आले, त्यांनी ओसरी पाहिली, रस्ता पाहिला, शेल्याचं टोक अजून हातात धरून उभी असलेली लुमिन पाहिली, आणि ही जागा किती सोयीची आहे, असं म्हणाले. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माता अजून जराशी टेकलेलीच आहे.

पासिता याची हकिकत नळावर सांगते, तीही अक्षरशः खरी आहे. ती म्हणते, लुमिननं सगळ्या लोकांसमोर, वाकून, पो लावून मागितलं. म्हणून मी दिलं. मी कुणाकडे मागत नाही, पण मागणाऱ्याला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. बायका माना डोलावतात. खोडून काढायला काही नाही, कारण असंच घडलं होतं, आणि असतं तरी तसं करणं सभ्य नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लुमिन कुंपणाशी येते आणि विचारते, मातेला या खेपेला कुठला शेला घालू, पो. सगळे शेले आता लुमिनच्याच पेटीत आहेत. पासिता आधी ऐकत नाही. मग ऐकते. मग पुष्कळ विचार करते.

"पांढरा," ती म्हणते.

लुमिन 'बरं, पो' म्हणून जाते. पांढराच घातला की नाही हे पासिताला पाहायचं असतं, आणि त्यासाठी लुमिनच्या अंगणात जावं लागतं. ती अजून गेलेली नाही.